डावा गुडघा आणि परतीची चढाई

माझा गुडघा गेला तेव्हा मी दोन गुण घेऊन परत निघाले होते, हे आधी सांगून टाकते. नाहीतर लोकांना वाटतं कुणीतरी पाय ओढला असेल. पाय ओढायला कुणी शिल्लकच नव्हतं. विट्याजवळच्या एका गावात यात्रेनिमित्त मुलींच्या कबड्डीच्या स्पर्धा होत्या. मी चढाईला गेले, कोपऱ्यातल्या दोघींना हात लावला आणि मध्यरेषेकडे वळले. डावा पाय टेकला, अंग वळलं आणि पाय तिथंच राहिला. आत काहीतरी कट्‌कन वाजलं. तो आवाज मला एकटीलाच आला असं मी बरेच दिवस समजत होते. मग सुवर्णा म्हणाली की तिनंही ऐकला होता.

सुवर्णा म्हणजे आमच्या संघाची कर्णधार आणि डाव्या कोपऱ्यात उभी राहून पकड करणारी. ती म्हसवडकडची. आजोबांच्या काळापर्यंत त्यांच्या घरी मेंढरं होती. पळणाऱ्याला मागून पकडायची कला तिथूनच आली, असं आम्ही तिला चिडवतो. मी रहिमतपूरजवळच्या गावातली, फौजीची मुलगी. आम्ही दोघी सांगलीत एका खोलीत राहून कॉलेज करायचो. रोज संध्याकाळी सरावात ती मला पकडायची आणि मी निसटायचे. कधी कधी निसटायचे, असं ती म्हणेल.

हे लिहायला बसले कारण ऑपरेशननंतर चालणार कधी, जिना चढणार कधी, हे मला सगळ्यांनी सांगितलं. पण परत खेळायचं कधी आणि ते ठरवायचं कुणी, हे विचारलं की जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. आज ज्यांचे पाय उशीवर आहेत, त्यांच्यासाठी हे आहे.

सूज उतरली

आमच्याकडे पाय मुरगळला की दवाखाना आठवत नाही, तालीम आठवते. गावच्या तालमीत पैलवानांना मालीश करणारे एक काका आहेत. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना घरी बोलावलं. अप्पा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांच्या मते दुखणं दोनच प्रकारचं असतं, चोळून जाणारं आणि चालून जाणारं.

काकांनी तेल कोमट करून गुडघा चोळला, हळदीचा लेप लावला, फडकं बांधलं. दोन आठवड्यांत सूज उतरली. मी अंगणात चालून दाखवलं, मग पळून दाखवलं. अप्पांचा चेहरा खुलला. काकांना दोष देत नाही. त्यांच्या हातानं कित्येक जण लंगडत आले आणि चालत गेले. पण मुरगळलेली शीर वेगळी आणि तुटलेली वेगळी. तुटलेली दोरी चोळून जोडली जात नाही, हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं. सूज उतरली म्हणजे पाय बरा, हाच आमचा हिशेब.

सांगलीला परतले आणि सरावाला उतरले. पहिल्याच वळणावर गुडघा जागेवरून निसटला. दुखलं त्यापेक्षा घाबरले जास्त. सुवर्णानं मला पाठीवर घेतलं आणि रिक्षापर्यंत नेलं. वाटेत म्हणाली, "तुझं वजन लय वाढलंय गं." मी रडत होते, तरी तिला एक बुक्की घातली.

निदानाचा दिवस

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली आणि शांतपणे सांगितलं. गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट पूर्ण तुटलंय आणि त्यानंतर खेळल्यामुळे आतल्या गादीलाही चीर गेली आहे. मी एकच प्रश्न विचारला, "पुढच्या महिन्यात मॅच आहे, जमेल?" ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "पुढच्या वर्षीचं बोलूया."

गावाहून आलेले अप्पा बाहेर बाकावर जाऊन बसले. मग उठून समोरच्या दुकानातून भडंगाची पुडी घेऊन आले आणि ती न फोडताच मांडीवर धरून बसले. पुडीकडे बघतच म्हणाले, "मी चोळायला लावलं, पोरी."

मला त्यांना धीर द्यायला हवा होता. पण मी इतकी चिडले होते की म्हटलं, "व्हय, लावलं." आमच्या घरात मनातलं बोलायची पद्धत ही अशी आहे.

वॉर्ड

ऑपरेशनच्या वेळी कमरेत इंजेक्शन देतात आणि पाय बधिर होतात. आपण जाग्या असतो आणि आपले पाय कुणीतरी उचलून इकडचे तिकडे ठेवत असतं. मला भीती वाटली ती तेवढ्यापुरतीच. एका नर्सनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कबड्डीत सगळ्यांत चांगली चढाई कुठली झाली तुझी?" मी सांगायला लागले. सांगून संपायच्या आत टाके घालून झाले होते.

शेजारच्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांचा गुडघा बदलला होता. दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन त्या माझ्या खाटेपाशी आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, कवाची निजून हाईस? माझा गुडघा नवा कोरा, तुझा नुसता शिवलेला. तरी मीच चालतीया." मला इतकी लाज वाटली की त्याच दुपारी मी उठून उभी राहिले. त्या घरी गेल्या त्या दिवशी वॉर्ड सुना वाटला. आजारपणात अशी माणसं भेटतात आणि त्यांची नावंही आपण विचारत नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

घरातली फाळणी

पहिले काही आठवडे गावी काढले. घरात दोन पक्ष पडले. अप्पांनी व्यायाम हातात घेतले. सकाळी खाटेपाशी उभे राहायचे आणि पाय सरळ उचलायला लावून "एक, दो, एक, दो" मोजायचे. मी कण्हले की म्हणायचे, "बॉर्डरवर बर्फात उभं राहिलोय आमी."

"मी न्हाई राहिले बर्फात, अप्पा. हळू मोजा."

आई पाय शेकायची, जेवण खाटेवर आणून द्यायची, केस विंचरायची. एके दिवशी मी खेळायचे बूट शोधत होते, तर ते पोत्यात घालून माळ्यावर टाकलेले.

"आई, माझे बूट?"

"लागायचे न्हाईत आता."

"कुणी सांगितलं?"

"मी सांगती. पोरीची जात, पाय अधू झाला तर जन्मभर कोण बघणार? खेळ बास, पळणं बास."

मग अप्पा बोलले, आई बोलली, दोघंही मोठ्यानं बोलले. मी मधल्या खोलीत पाय लांब करून बसले होते आणि माझ्या पायावरून भांडण चाललं होतं. मला काय हवंय हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं असतं तर मला उत्तर आलं नसतं. मला खेळायचं होतं आणि मला भीतीही वाटत होती. दोन्ही एकदम असतं हे तेव्हा कबूल करवत नव्हतं.

सगळ्यांत धोक्याचे दिवस

पुढचे व्यायाम सांगलीत फिजिओथेरपिस्ट गौरी मॅडमकडे सुरू झाले. मॅडम वयानं माझ्याहून फार मोठ्या नाहीत, पण त्यांच्यापुढे माझी बडबड बंद व्हायची. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "तुला मधेच एक वेळ अशी येईल की पाय एकदम छान वाटेल. आत बसवलेली शीर तेव्हाच कच्ची असते. दुखत नाही म्हणजे बरं झालं, हे डोक्यातून काढ."

मी मान डोलावली आणि बाहेर येऊन विसरले. मग तिथं एक व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी भेटली. तिचं तेच ऑपरेशन दुसऱ्यांदा झालं होतं. मी विचारलं, "काय झालं होतं?" ती म्हणाली, "काही नाही. दुखत नव्हतं म्हणून गेले." त्यानंतर मी विसरले नाही.

सायकल, मग जिने, मग सरळ रेषेत पळणं, मग दोन पायांवर उड्या. रोज तेच आणि रोज थोडंसंच. मला कंटाळा यायचा आणि मी मॅडमवर चिडायचे. चिडून झालं की व्यायाम करायचे.

ऑपरेशननंतरचा आठवा महिना संपत आला आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीची तारीख लागली. तिथं निवड झाली की राज्य स्पर्धा. मागच्या वर्षी माझी निवड थोडक्यात हुकली होती, त्यामुळे यंदाची मी डोक्यात धरून बसले होते. आमच्या प्रशिक्षक सरांनी फोन केला, "दोन चढाया मार फक्त, नाव तर दिसू दे." अप्पांनी माळ्यावरचं पोतं खाली काढून बूट पुसले. आईनं त्या दिवशी भाकरी जरा जोरातच थापली.

मी म्हटलं, पाय खेळायला तयार आहे का बघायची मॅडमची चाचणी देते. पास झाले तर जाते.

पास झाले आणि नापासही

चाचणीला सुवर्णा सोबत आली होती. एका पायावर लांब उडी, एका पायावर लागोपाठ तीन उड्या, यंत्रावर मांडीची ताकद. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या जवळपास बरोबरीला यायला हवा, असा नियम. आला. यंत्रानं हो म्हटलं, टेपनं हो म्हटलं. मी हवेत.

कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली सुवर्णा म्हणाली, "मॅडम, हिला दम घेऊन उडी मारू द्या की."

मॅडमना कबड्डी फारशी ठाऊक नव्हती. सुवर्णानं सांगितलं की चढाईला जाणारीनं एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. तो दम. समोरच्या हद्दीत तो तुटला की बाद. "आन् कोपऱ्यात हुभं राहून आमी पायाकडं बघत न्हाई नुसतं, दम बी ऐकतो. जरा हलला की घुसायचं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मार."

उजव्या पायावर मारली. दम अखंड. डाव्या पायावर मारली. 'कबड्डी कबड्डी कबड्डी कब—' आणि पाय टेकला. आणि मग पुन्हा '—ड्डी'.

"घशात अडकलं," मी म्हटलं.

परत मारली. परत त्याच जागी. मॅडमनी मला पाठमोरी उभी केली, टाळी वाजवली की वळून उडी मारायची असं सांगितलं. आता तर टाळी वाजल्याबरोबरच माझा आवाज गेला. माझ्या पायाला काही झालं नव्हतं. उडी तर चांगली पडली होती. फक्त पाय टेकायच्या क्षणी मी श्वास धरून बसत होते, आणि ते मला माहीतही नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "गुडघा तयार आहे. तू अजून त्याच्यावर उभी राहायला तयार नाहीस. अशी गेलीस तर वळताना अर्धा क्षण थांबशील. त्या अर्ध्या क्षणातच लागतं."

"मग निवड चाचणी?"

"माझं उत्तर 'नाही' आहे. पण शेवटी पाय तुझा."

जिना उतरताना मी सुवर्णाला जे बोलले ते इथं सगळं लिहीत नाही. माझं चांगलं तुला बघवत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. ती कोपरा, मी चढाईवाली. माझी जागा गेल्यानं तिला काडीचाही फायदा नव्हता. हे मला बोलतानाच कळत होतं, तरी तोंड थांबेना. ती गाडी काढत म्हणाली, "बस मागं. घरी गेल्याव भांड." एका खोलीत राहून आम्ही आठवडाभर बोललो नाही. चहा मात्र ती दोघींचा करायची.

निवड चाचणीचा दिवस

मी येत नाही, असं सरांना कळवलं. त्यांनी फोन आपटला. अप्पांना सांगताना जास्त जड गेलं. त्यांनी बूट पुसून ठेवले होते. ते म्हणाले, "फौजेत मेडिकल अनफिट म्हटलं की जनरलचा पोरगा बी मागं फिरतो. त्यात कमीपणा न्हाई." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला रडू फुटलं.

निवड चाचणी बघायला मात्र गेले. कुणी म्हणालं जाऊ नकोस, पण घरी बसून ती माझ्या डोक्यात जास्त वाईट खेळली गेली असती. माझ्या जागी एका नव्या मुलीनं चढाया केल्या आणि छान केल्या. मी टाळ्या वाजवल्या. जळतही होते, हेही खरं. मैदानाबाहेर पडले तेव्हा आयुष्यातली संधी गेली असंच वाटत होतं. सुवर्णाची निवड झाली होती. मी तिला म्हटलं, "अभिनंदन." ती म्हणाली, "भूक लागलीया. चल."

वडा खाताना मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तू जिना उतरतीस तवाच. डावा पाय ठिवताना बोलायची थांबतीस."

श्वासाची शिकवणी

मग मॅडम आणि सुवर्णा दोघींनी मिळून मला धरलं. मॅडमनी क्रम ठरवला आणि सुवर्णानं पकडी. आधी नुसती उभी राहायचे, दम चालू, आणि सुवर्णा माझ्या डाव्या घोट्याला हात लावून बसायची. एवढंच. पहिल्या दिवशी तेवढ्यानंही आवाज थरथरला. मग हळू ओढायचं. मग चालताना. मग पळताना, पण कुठल्या बाजूनं येणार हे आधी सांगून. शेवटी न सांगता.

कित्येक दिवस काही सुधारणा दिसली नाही. मी मॅडमना म्हटलं, "माझी भीती जाणारच नाही." त्या म्हणाल्या, "जायला कशाला हवी? ती राहिली तरी चालेल, तू श्वास चालू ठेव." हे वाक्य मी अजून वापरते.

असाच एक दिवस सुवर्णानं मागून येऊन पट काढला, म्हणजे दोन्ही मांड्यांना मिठी मारून मला उचललं आणि आम्ही दोघी मॅटवर आपटलो. मी खालूनही 'कबड्डी कबड्डी' करत होते. ती उठून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. "आज न्हाई तुटला गं," म्हणाली. दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

वर्ष होत आलं तेव्हा मॅडमनी पुन्हा सगळ्या चाचण्या घेतल्या. दम घेऊन, वळून, टाळीवर. त्यांनी विचारलं, "माझं हो आहे. तुझं?"

मी लगेच हो म्हटलं नाही. घरी गेले, दोन दिवस विचार केला, आईशी बोलले. या वेळी आईनंच आधी विचारलं, "तुला काय वाटतंय?" मी म्हटलं, "भ्या वाटतंय. पर खेळायचंय." ती म्हणाली, "मग मी बघायला येणार. लांबून ऐकत बसायला न्हाई जमायचं मला." आई त्याआधी माझ्या एकाही सामन्याला आली नव्हती.

बाद

परतीचा सामना म्हणजे शेजारच्या गावची साधी स्पर्धा. पत्र्याच्या मंडपात मॅट, चारी बाजूंनी माणसं. पहिल्या चढाईत काही मिळालं नाही, नुसती रेषेला शिवून आले. दुसऱ्या चढाईत एक गुण. तिसऱ्या चढाईत मी जरा जास्त आत गेले आणि तिघींनी मला धरलं. एकीनं घोटा, एकीनं कंबर, तिसरी वरून. डावा गुडघा दुमडून खाली आणि त्याच्यावर आम्ही चौघी.

अप्पा उठून मॅटच्या कडेपर्यंत आले आणि तिथं थांबले. आईनं तोंडावर पदर धरला, हे मला नंतर कळलं. त्या ढिगाखाली मला अंधार, घामाचा वास आणि एक आवाज, एवढंच समजत होतं. आवाज माझाच होता. 'कबड्डी कबड्डी कबड्डी.' पंचांची शिट्टी वाजेपर्यंत चालू.

मुली बाजूला झाल्या. मी पाय सरळ केला. दुमडला. परत सरळ केला. काही नव्हतं. पंचांनी मला बाद दिलं आणि मी हसत बाहेर जाऊन बसले. बाद होऊन एवढी हसणारी मुलगी त्यांनी आधी बघितली नसावी.

समोरची मुलगी चढाईला आली. सुवर्णानं तिचा घोटा धरला आणि पकड झाली, त्यामुळे नियमाप्रमाणे मी परत आत आले. सगळ्या मुली माझ्या गुडघ्याकडे बघत होत्या. सुवर्णानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कोण जातंय?" तिनं विचारलं.

"मी जाती," म्हटलं, आणि श्वास भरून घेतला.